बंद पडल्यावर बोला

आमच्या समोरच्या सरकारी क्वार्टरमधले निगुडकरकाका कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन येत. दुकानात नव्हे, घरी. पंखा घ्यायचा ठरला तेव्हा ते पंखेवाल्या मिस्त्रीच्या घरी जाऊन अर्धा तास बसले, चहा प्यायले आणि परत येऊन काकूंच्या कानाशी ओरडून म्हणाले, "त्याच्या स्वतःच्या घरातला पंखा खडखड करतो. नाही घ्यायचा!" तो उन्हाळा त्या दोघांनी टेबलफॅनवर काढला. ग्वाल्हेरचा उन्हाळा. म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

दुकानदार एखाद्या वस्तूचे गुण सांगायला लागला की काका हात वर करत. "ते राहू द्या. बंद पडल्यावर बोला." हिंदी दुकानदारासाठी याचंच भाषांतर होतं, "ये सब छोड़िए, बंद होने के बाद की बात कीजिए." दुकानदाराने बिचाऱ्याने अजून वस्तू खोक्यातून बाहेरसुद्धा काढलेली नसायची. काकांचं म्हणणं असं की चालू वस्तू कुणीही विकतो, त्यात काय मोठंसं. "दुकानदार एकदाच भेटतो, मंजू. मिस्त्री जन्माचा असतो."

काका पाणीपुरवठा खात्यात नक्शानवीस होते. म्हणजे नळांचे, टाक्यांचे नकाशे काढायचे. छप्पन वर्षांचे, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून फौजेबरोबर आले. आता तलवारीऐवजी फूटपट्टी, एवढाच फरक. मूलबाळ नाही. काकू घरबसल्या मोत्यांचं काम करत. सराफा बाजारातले दोन-तीन सराफ त्यांच्याकडे तन्मणी, चिंचपेट्या, नथी गुंफायला पाठवत. शहराच्या लश्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांतल्या नथी काकूंच्या हातून गेलेल्या. काकूंना ऐकू मात्र फार कमी येई. कानातलं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते मोत्यांच्या डबीत ठेवून दिलं होतं. फोनची घंटा त्यांना ऐकू जात नसे, आणि उचलला तरी पलीकडचं कळत नसे. त्यामुळे काका दौऱ्यावर गेले की फोन आमच्याकडे करत: "मंजू, काकूला सांग, मंगळवारी येतोय. आणि बघ, मोटर बंद केलीये का." मी रस्ता ओलांडून जायची आणि ओरडून सांगून यायची.

तर अशा या निगुडकरकाकांनी एका रविवारी सकाळी आमच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "मंजू, मला घरी कॉम्प्युटर घ्यायचाय. भरवशाचा आणि स्वस्त. तू चल."

माझा गुन्हा एवढाच की मी शाळेत गणित शिकवत होते आणि शाळेने मला पंधरा दिवसांच्या कॉम्प्युटर ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्या पंधरा दिवसांतले चार दिवस वीजच नव्हती. पण आमच्या थाटीपुरात बातमी अशी पसरली की मास्तरीणबाईंना कॉम्प्युटर येतो. शिवाय माझ्याकडे स्कूटर होती.

तो काळ असा होता की राज्याची वाटणी व्हायची होती. छत्तीसगड वेगळं निघणार, म्हणजे नोकरमाणसंही वाटली जाणार. सगळ्या सरकारी क्वार्टरमध्ये एकच विषय: कोण भोपाळच्या पदरात आणि कोण रायपूरच्या. संध्याकाळी चौकात माणसं घोळक्याने उभी राहून याद्यांच्या अफवा चघळत. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आम्हांला ती धास्ती नव्हती. काकांना विचारलं की ते म्हणत, "होईल ते होईल. तू आधी सांग, मॉनिटर चौदा इंची की पंधरा?"

मला वाटलं, चला, दोन-तीन रविवारांचं काम. सहा महिने गेले.

इंदरगंजमध्ये तेव्हा कॉम्प्युटरची दुकानं नुकतीच निघत होती. काल जिथे साड्या होत्या तिथे आज काचेचं दार आणि आत एसी. पहिल्याच दुकानात मालकाने आम्हांला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं आणि मोठ्या कंपनीच्या मशीनचं वर्णन सुरू केलं. पेंटियम थ्री, चौसष्ट एमबी, दहा जीबी. काकांनी हात वर केला.

"ये बिगड़ेगा तो कौन आएगा?"

"कंपनी का इंजीनियर आएगा, सर."

"रहता कहाँ है?"

"जी... भोपाल."

काका उठले. पाण्याचा पेला जागच्या जागी. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "भोपाळ! मतलब इथे आग लागली तर पाणी भोपाळहून येणार."

मग आम्ही जोडणीच्या मशीनकडे वळलो. म्हणजे सुटे भाग आणून दुकानदार स्वतः जोडून देतो, ते. ते स्वस्त पडत. आता प्रत्येक दुकानाचा मेकॅनिक कोण, तो राहतो कुठे, हे काका वहीत उतरवून घेत आणि पुढच्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर घालून त्या माणसाच्या घरी. एकजण हजिऱ्याला राहायचा. आम्ही गेलो तर बिचारा बनियनवर जेवत होता. काकांनी नमस्कार केला आणि चहूकडे नजर फिरवली. मिक्सर बंद, भिंतीवरचं घड्याळ बंद, टीव्हीवर चादर. "टीव्ही को क्या हुआ?" "बस, टाइम ही नहीं मिलता, अंकल." काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात त्या माणसाची नोकरी, चारित्र्य आणि भवितव्य यांचा निकाल लागलेला होता. मी शरमेने त्याच्या बायकोला म्हटलं, "आपकी दाल की खुशबू बहुत अच्छी है." दुसरं काय बोलणार?

दुकानदारांशी ते जे बोलत त्याने माझं डोकं आणखी उठायचं. एका दुकानात त्यांनी विचारलं, "चिट्ठी आए तो इसमें बत्ती जलती है क्या?"

"कौन-सी बत्ती, सर?"

"कोई भी बत्ती. लाल, हरी. दूर से दिखे ऐसी."

दुकानदार म्हणाला, बत्ती नाही, पण स्पीकर लावले तर टिंग असा आवाज येतो. काका म्हणाले, स्पीकर नकोत. तो म्हणाला, सर, स्पीकर तर सोबत फुकट देतोय. "फ़्री में भी नहीं चाहिए." तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी यांना कुठून तरी पळवून आणलंय. "मैडम, फिर ये गाने कैसे सुनेंगे?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, "भैया, इनका ऐसा ही है."

अक्षरं किती मोठी होतात, हे ते प्रत्येक दुकानात फूटपट्टी पडद्याला लावून मोजत. कीबोर्डवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून बसत. "बटणं कडक आहेत," म्हणत. "बारीक बोटांना त्रास होईल." त्यांची स्वतःची बोटं पेन्सिलीसारखी लांब होती. मी मनात म्हटलं, आता हे कीबोर्डचा मिस्त्री शोधायला जाणार.

शेवटी मोरारमध्ये शफीकभाई सापडले. पन्नाशीचे, मूळ रेडिओ मेकॅनिक. रेडिओ संपले, मग टीव्ही धरले, टीव्ही घरोघरी झाले, मग कॉम्प्युटर शिकले. घरात आईचा जुना रेडिओ, लाकडी पेटीचा, अजून खणखणीत वाजत होता. काकांनी त्या रेडिओला जवळजवळ नमस्कार केला. मला वाटलं, सुटले! मशीन कुठलं का असेना, मिस्त्री मिळाला.

पण नाही. काकांनी परीक्षा सुरू केली. ऑफिसातून शफीकभाईंना फोन करायचा, "मशीन बंद पड़ गई, घर आइए," आणि ते किती वेळात येतात ते बघायचं. पहिल्यांदा शफीकभाई सायकल मारत मोरारहून आले, घामाने निथळत, हत्यारांची पिशवी घेऊन. काका ऑफिसातून आधीच येऊन आमच्या ओट्यावर लपून बसलेले, हातात घड्याळ. मला तर रस्त्यात उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. शफीकभाईंनी दार वाजवलं. काकूंना काही ऐकू गेलं नाही. पुन्हा वाजवलं. मग ते घराला वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेले आणि आत बसलेल्या काकूंना दिसेल असा हात हलवला. काकूंनी मोती खाली ठेवून दार उघडलं. काका लगबगीने रस्ता ओलांडून गेले.

"साहब, मशीन कहाँ है?" शफीकभाईंनी विचारलं.

"अभी ली नहीं है."

शफीकभाईंनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "तो ख़राब क्या हुआ है?"

असं त्यांनी तीन वेळा केलं. आणि तिन्ही वेळा तो भला माणूस आला! तिसऱ्या वेळी तर ते नुसतंच विचारून गेले, "आज भी नहीं ली?" आणि काकूंकडून सरबत पिऊन गेले.

माझा तोल सुटला तो त्यानंतरच्या रविवारी. इंदरगंजच्या दुकानात सगळं ठरलं होतं. भाव झाला, मॉनिटर झाला, देखभाल शफीकभाई करणार हे झालं. शाळेच्या सहामाहीचे पेपर तपासायचे सोडून मी आले होते. आणि काका म्हणाले, "मंजू, पंधरा दिवसांनी अजून एकदा बघू. हे चालू करायला सहा गोष्टी कराव्या लागतात. चारात व्हायला हवं."

मी दुकानाबाहेर आले आणि भर चौकात म्हणाले, "काका, तुम्हांला कॉम्प्युटर घ्यायचाच नाहीये. तुम्हांला फक्त फिरायचंय. सहा महिने झाले! नवं राज्य तयार होऊन राहिलंय, पण तुमची एक वस्तू तय होत नाही. पुढच्या वेळी दुसरं कुणी बघा."

टेंपो, सायकली, माणसं. सगळे बघत होते. काकांनी खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी टेंपोने जातो." आणि खरंच गेले. मी त्यांना थांबवलं नाही. रागात होते. घरी येऊन दोन पेपरांचे गुण चुकीचे मांडले, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर काका ओट्यावर बसलेले. या वेळी लपून नव्हे.

"यादी आली," ते म्हणाले. "माझं नाव आहे. रायपूर."

"पण तुमची तर दोन वर्षंच राहिलीत, काका. अर्ज करता येत असेल ना."

"केला होता. कच्च्या यादीतही नाव होतंच. वैशाखापासून मला माहीत आहे."

"आणि काकू?"

"काकू इथेच. तिथे जागा मिळेल कधी, काय ठाऊक. आणि तिचं काम इथे आहे, मंजू. पंचवीस वर्षं लागली तिला या सराफांचा भरोसा मिळवायला. दोन वर्षांसाठी ते मोडू म्हणू मी? तिने विचारलं, येऊ का. मी म्हटलं, नको." ते थांबले. "इथे मी असतो तर कॉम्प्युटर कशाला घेतला असता? मला काय करायचाय? फोन तिला ऐकू येत नाही. पत्र आठ दिवसांनी पोचतं. आणि तू तरी किती वेळा रस्ता ओलांडणार?"

मी आत जाऊन पाणी आणलं, म्हणजे मला आत जायला निमित्त मिळालं. बाहेर आले तर ते म्हणाले, "काल तुला सांगायला हवं होतं. पण तोंडाने बोललं की ते खरं होऊन बसतं, असं वाटायचं."

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"इंदरगंज. दुकान आठपर्यंत उघडं असतं."

त्या संध्याकाळी कॉम्प्युटर घेतला. काका कीबोर्ड मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसले, बाकीचं ठेल्यावर आलं. आणि जायच्या आधीच्या दहा दिवसांत त्यांनी जे केलं त्याने मी पुन्हा वैतागले, हे कबूल करायला हवं. त्यांनी कॉम्प्युटरचा नकाशा काढला. रीतसर, पाण्याच्या टाकीचा काढतात तसा. समोरून, बाजूने, वरून. प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी: "आवक", "जावक", "हिला हात लावू नये". माऊसला बाण काढून लिहिलं, "डाव्या कानावर टिचकी". चालू करण्याच्या पायऱ्या सहाच्या सहाच राहिल्या, पण त्यांनी पहिल्या दोन एका ओळीत लिहून त्या पाच केल्या आणि समाधान मानलं. काकूंना शिकवण्याचं काम माझ्याकडे. त्या मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी अक्षरं येत होती. आणि बोटं तर काय! बारीक मोती ओवणारी बोटं. चौथ्या दिवशी त्या माझ्यापेक्षा जलद बटणं दाबू लागल्या. काका मागे उभे राहून म्हणत, "हळू, हळू! मशीन आहे ते!" ते काकूंना ऐकू जात नव्हतं, हे बरं होतं.

निघायच्या दिवशी स्टेशनवर जायला टांगा आला. काकांनी दारात उभं राहून काकूंच्या कानाशी ओरडून सांगितलं, "स्टॅबिलायझर! आधी स्टॅबिलायझर!" काकूंनी मान हलवली. सगळ्या गल्लीने ते ऐकलं. एवढंच बोलणं झालं.

रायपूरला त्यांच्या खोलीजवळ एक सायबर कॅफे निघालं होतं. पहिला ईमेल आला तो सहाव्या दिवशी. मी काकूंच्या शेजारी स्टुलावर बसले होते. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. तेव्हा दुसरी सोय आम्हांला माहीत नव्हती. त्यातून काकांचं एका बोटाचं टायपिंग. वरच्या ओळी अपेक्षेप्रमाणेच: मशीनवर कपडा घालतेस का, शफीकभाई येऊन गेले का, वादळात वायर काढ. मी मनात म्हटलं, झालं, हे हजार किलोमीटरवरूनही सोडणार नाहीत. मग खाली आणखी मजकूर होता. खोली लहान आहे. समोर एक बाई दारात बसून गोधडी शिवते, तर वाटतं तू बसली आहेस. काल भात करपला. इथे कुणाला ओरडून काही सांगावं लागत नाही, त्यामुळे मी दिवसभर गप्प असतो. करमत नाही.

काकू एकेक शब्द बोटाने दाबून धरत वाचत होत्या. शेवटच्या ओळीवर अडल्या.

"मंजू, हे काय लिहिलंय? वात पाहतो? कसली वात? समईची?"

मी वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरांत वात आणि वाट सारखीच. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "वाट, काकू! वाट पाहतो म्हणतायत! तुमच्या पत्राची!"

बाहेरून जाणारा दूधवाला दचकून थांबला, इतकी मी ओरडले होते. माझी मलाच लाज वाटली. काकू पडद्याकडे बघत राहिल्या.

"बत्तीस वर्षांत हे असं काही बोलले नव्हते," त्या म्हणाल्या, सावकाश, माझ्याकडे न बघता. "बोलणार तरी कसे गं? ओरडून माणूस नळ आला म्हणू शकतो. मोटर बंद कर म्हणू शकतो. करमत नाही, हे ओरडून कसं म्हणणार?"

मी काहीच बोलले नाही. बोलायला ओरडावं लागलं असतं.

मग त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहिण्याचं पान स्वतःच उघडलं. मी सवयीने माऊसकडे हात नेला, तर त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"आता तू घरी जा," त्या म्हणाल्या. "पुढचं माझं मी लिहिते."